मागच्या चाकाचा आउट

—न्हाई न्हाई, उठता कशाला आप्पासाहेब, बसा. येतच असेल देविका. सकाळी मी स्वतः सांगितलं होतं तिला, म्हणलं, कंधारहून आप्पासाहेब येणार हायत, त्यांच्या पुतण्याचं, सिद्धेश्वरचं स्थळ घेऊन, तू दुकानातच थांब. हाव बाबा, म्हणली. आन गेली सायकल घेऊन! नवीन टायर रस्त्यावर कसा चालतो ते बघायचंय म्हणे. पण येईल, फिकीर करू नका. तुम्ही पंख्याखाली सरका — त्या चाकाला टेकू नका फक्त, पुन्हा आउट निघालं तर माझ्या नावानं शंख करील. आउट म्हंजे — चाक फिरताना सरळ फिरतंय का डुलतंय, ते. बघा, मी! हेडमास्तर म्हणून रिटायर झालो, जन्मभर पोरांना भूगोल शिकवला, आन आता पोरीच्या सायकलच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना रिमची रुंदी समजावून सांगून राहिलो.

काय म्हणलात? दुकान तीच चालवती का नुसतं नाव तिचं? ऐका मग, किस्साच सांगतो. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एक जण आला, आदिनाथ नावाचा — देगलूरच्या पलीकडचा, तेलंगणाच्या शिवेला लागून गाव, कृषीची पदवी घेतलेला, घरचीच शेती बघतो, चांगला उंचापुरा. त्याच्याकडं रेसची सायकल, अरुंद रिमची. डांबरीवर वाऱ्यासारखी पळती, पण ह्याच्या गावाकडचा शेवटचा पट्टा निव्वळ मुरूम आन खडी, हाडं खिळखिळी होतात. म्हणला, मॅडम, जाड टायर द्या, चाळीस मिलिमीटरचा. देविकानं चाक हातात घेतलं, रिमची आतली रुंदी मोजली, म्हणली, ह्याच्यावर अठ्ठावीसच्या वर मी देणार न्हाई. तो म्हणला, बसतो की! ती म्हणली, बसतो, पण बसणं येगळं आन धरून राहणं येगळं — रिम अरुंद असली की जाड टायर वर नुसता फुगतो, खाली त्याला पाय रोवायला जागाच न्हाई, वळणावर डुलतो आन हवा जरा कमी झाली की निसटतो. दुकानात गिऱ्हाइकं उभी, आन ह्यांचं जुंपलं! मी मधी पडलो, म्हणलं, अगं मागतोय माणूस तर दे ना — तर माझ्याकडं अशी बघितली, की मी आपला हवेचा पंप पुसायला लागलो. तो म्हणला, ठीक हाय, नांदेडात काय एकच दुकान हाय का? गेला तणतणत.

संक्रांतीच्या आसपास परत आला. कोपराला पट्टी, चाक खांद्यावर. कुठनं तरी जाड टायर घेऊन चढवलेलाच होता त्यानं — नरसीच्या पुढं वळणावर निसटला, आन हा थेट कुणाच्या तरी रानात. दारातनंच म्हणला, मॅडम, हरभरा लई मऊ होता. मला वाटलं, आता ही सोडत न्हाई त्याला — माझीच पोरगी, मला ठाव हाय. पण न्हाई. आधी कोपर बघितला, मग चाक. म्हणली, तुमच्या रस्त्याला जाड टायरच पाहिजे, तेवढं तुमचं बरोबर हाय. आपण रिम बदलू. रुंद रिमची दोन्ही चाकं बांधून देते, फ्रेममधी जागा हाय.

आन त्यानं मग काय करावं? भिंतीला हिची स्वतःची सायकल उभी होती, रुंद रिमची, आन त्याच्यावर हिनं पातळ टायर चढवलेला, कसल्याशा स्पर्धेसाठी. हा वाकून बघतो काय आन म्हणतो, मॅडम, हे उलटं झालं की — असा टायर रिमवर ताणून पसरट होतो, खड्ड्यात मार रिमलाच बसत असंल? आप्पासाहेब, माझ्या पोरीच्या कामात कुणी चूक काढलेली मी आजवर बघितली न्हाई. त्या दिवशी ह्यानं काढली. कानापर्यंत लाल. आन मग अशी हसली, अशी हसली — आमची सौदामिनी, देविकाची आई, वरच्या मजल्यावर स्वयंपाक करून राहिली होती, ती हातातली पळी घेऊन खाली आली काय झालं बघायला. दुसऱ्या दिवशी हिनं तो टायर काढून टाकला.

पुढचं चाक एका दुपारी बांधून झालं. मागच्याला मात्र लई वेळ लागला. हसता काय? मागचं चाक अवघडच असतंय — साखळीच्या बाजूच्या तारा, म्हंजे स्पोक, जास्त ताणाव्या लागतात, मला समजावलंय तिनं. तर हा दर गुरुवारी एसटीनं यायचा, ही चाक फिरवायची, एक डोळा मिटून बघायची, म्हणायची, अजून जरासा आउट हाय, पुढच्या गुरुवारी या. तो बी हाव म्हणायचा, कुरकुर न्हाई, काही न्हाई. एकदा ती पाणी आणायला आत गेली, तेव्हा मी स्वतः फिरवून बघितलं चाक. केसभर हलेना! म्हणलं, माझेच डोळे गेले. दवाखान्यात जाऊन चष्म्याचा नंबर बदलून आणला मी, आता काय सांगू!

मग टायरचा प्रश्न. रिम रुंद झाली खरी, पण टायर कितीचा — पस्तीस, अडतीस, का त्याचा तो चाळीसच? रस्ता बघितल्याशिवाय सांगता येत न्हाई, म्हणली, आन गेली की त्याच्या गावापर्यंत सायकलवर! संध्याकाळी सायकल एसटीच्या टपावर टाकून परत. त्याची आई हाय, कमलम्मा, त्यांच्यात घरी तेलुगू बोलतात — त्या माउलीनं हिला जेवू घातलं, वर डबा भरून चिंचेचा भात दिला. मी बी खाल्ला, झकास होता. तेव्हापासून हिला एक नाद लागलाय. चाकाच्या तारा मोजताना तेलुगूत मोजती — ओकटी, रेंडू, मूडू! म्हणलं, हे काय गं? तर म्हणली, बाबा, तेलुगूत मोजलं की तारा चुकत न्हाईत. असंल बाबा. मला काय कळतंय त्यातलं. आमची सौदामिनी बी तशीच, ह्याच्या हाती शेंगदाण्याची चटणी पाठवती कमलम्मासाठी, दर गुरुवारी आठवणीनं. तर सांगायचं काय, की पोरगी कामाला अशी चिकट, एका टायरसाठी आजही भर उन्हात रस्त्यावर —

थांबा. आज वार कोणता?

गुरुवार.

तुम्ही मघापासून गालातल्या गालात हसून राहिलात ते... कधी कळलं तुम्हाला? चष्म्याच्या वेळी? का हरभऱ्यातच? बोला ना! न्हाई, नका बोलू. म्हंजे सौदामिनीला बी ठाव होतं. चटणी! चटणी काय उगीच जाती का तेलंगणाच्या शिवेपर्यंत? सगळ्या घराला ठाव, एकटा हेडमास्तर सोडून.

रागावलो? न्हाई हो. रागवायला पाहिजे, हे कळतंय, पण राग येईना. जात? ते तुम्ही विचारू नका आप्पासाहेब. मी बी अजून विचारलेलं न्हाई, आन आता विचारावं असं वाटंना. तो पोरगा, ती कामात असली ना, की माझ्याजवळ येऊन बसतो. म्हणतो, सर, गोदावरीच्या काठाला काळी माती एवढी खोल कशी काय? रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारलं न्हाई हो. चहाला किती पाणी घालू, एवढंच घरात विचारतात. खरं सांगू का — तुम्हाला फोन मीच केला, स्थळ आणा म्हणून, हे कबूल. पण काल तुमचं येणं पक्कं झालं, आन रात्री दोनदा उठून मी खाली दुकानात येऊन बसलो. सिद्धेश्वर पुण्याला. पोरगी पुण्याला गेली, तर हे शटर मी कुणासाठी उघडू? ह्या रिमा कुणाला दाखवू? देगलूर आपलं जवळ हाय. एसटी हाय, रस्ता हाय — थोडी खडी हाय शेवटाला, ती काय — घ्या! हा बाप कुठल्या कुठं पोचला बघा. तिनं मला अजून सांगितलं बी न्हाई.

अरे — ते बघा. तिकडं, रसवंतीच्या पुढं. आली. आन शेजारी तोच. सायकलींना काय झालं? पंक्चर? न्हाई, टायर टुम्म भरलेत, चारी चाकं कशी सरळ फिरून राहिलीत. काही बिघडलेलं न्हाई! दोन चांगल्या चालत्या सायकली, आन ही दोघं त्या हातात धरून पायी येऊन राहिलीत, ह्या उन्हात! थांबली बघा. दुकानाकडं बघतात आन पुन्हा थांबतात. भ्याली हो माझी पोरगी. कशाला कधी भ्याली न्हाई, आन आज मला भ्याली.

आप्पासाहेब, उठा. न्हाई, वाईट वाटून घेऊ नका, सोन्यासारखा हाय तुमचा सिद्धेश्वर, त्याला कुणीही मिळंल, पण उठा. तुम्ही इथं बसलेले दिसलात तर ही दोघं दिवेलागणीपर्यंत तिथंच उभी राहतील. मागनं गल्लीत दार हाय, चपला हातात घ्या. मी? मी काही बोलणार न्हाई. मी आपला चष्मा पुसत बसतो, सांगू द्या तिला तिच्या तोंडानं, तिला पाहिजे तेवढा वेळ घेऊन. पाय उचला, ती पायरी जरा उंच हाय, जपून — जा, जा, आली —