बंद मोटारीचा चालू डबा

मी जिवनबाई थावरा राठोड, वय ३८ वर्षे, धंदा शेती, रा. साखरा शिवारातील तांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली. शेजारी फुलसिंग चव्हाण यांनी माझ्यावर चोरीची तक्रार दिल्याने ठाण्यात हजर आहे. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

आमची दोघांची शेते विजेच्या एकाच लाइनच्या शेवटी आहेत. तिथे व्होल्टेज कमी येते. विहीर आटल्याने माझी मोटार दिवाळीपासून बंद आहे. परंतु तिचा कपॅसिटरचा डबा मी शेजारधर्म म्हणून चालू ठेवला होता. लाइनमन देविदास यांनी सांगितले होते, "मोटारीला फिरायला आधाराची वीज लागती. ती लांबून आली की तारेतच दम जातो. डबा ती जवळून देतो." त्या डब्यावर फुलसिंगची मोटार बराबर पाणी उचलत होती.

चालू महिन्याच्या दि. २ रोजी फुलसिंगने बांधावरची पायवाट नांगरली. माझी मुलगी पुजा त्याच वाटेने सायकलवर शाळेत जाते. ती दहावीला आहे. नवरा म्हणाला, "ऱ्हाऊ दे घरी." मला ते सहन झाले नाही. दि. ४ रोजी सकाळी मी डबा तारेपासून सोडवून घरी आणला. तेव्हापासून फुलसिंगची मोटार नुसती घूं करते, फिरत नाही. त्याचा गहू ओंबीत आहे.

काल ठाण्यात साहेबांनी माझ्यासमोर फुलसिंगला विचारले, चोरीस काय गेले? तो म्हणाला, "वीज." कोणाची? "कुणाचीच न्हाई. मीटरमधी येत न्हाई, खर्च व्हत न्हाई, नुसती येती-जाती. पर व्हती." हे त्याचे म्हणणे खरे आहे. तक्रारीच्या कागदावर चोरीच्या मालाचे वर्णन या रकान्यात त्या विजेपुढे 'पांढरट' असे लिहिले आहे, ते मी सांगितलेले नाही.

डबा मी सोबत आणला होता. जमादारांना म्हटले, जुना आहे, वीज आत राहते, दोन्ही स्क्रू एकदम धरू नका. त्यांनी धरले. ते बराच वेळ बाकावर बसून होते. नंतर डबा मुद्देमाल म्हणून जप्त केला.

फुलसिंग तिथेच म्हणाला, "वहिनी, वाट करून देतो, डबा लावा." मी व्हय म्हटले. त्याने कालच फावड्याने वाट केली आणि तक्रार मागे घेतली. आज पुजा शाळेत गेली. परंतु कोर्टाच्या हुकमाशिवाय डबा मिळणार नाही असे जमादार म्हणतात. फुलसिंगने शब्द पाळला, माझा खोटा पडला, याची मला लाज वाटते.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. फक्त 'डबा आजच द्यावा' हे वाक्य घेतलेले नाही, ते मी सहीखाली माझ्या हाताने लिहीत आहे. अंगठ्यासाठी शाई पुढे केली होती, ती लागली नाही. लिहायला मला पुजाने शिकवले आहे.