दगडांखालची सायकल

मी तुदा, बास्सू आयत हम्मू यांची बायको, वय पन्नाशीच्या आसपास, धंदा शेळ्या राखणे, राहणार हिवाळ्यात सागरो डोंगर व उन्हाळ्यात उत्तरेची उंच कुरणे, पक्का पत्ता नाही. ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर होऊन सांगते ते असे की,

तिमिद्राच्या खिंडीखाली दगडांच्या ढिगात सापडलेली निळी सायकल मी ओळखते. ती यान्नेके नावाच्या हॉलंडच्या बाईची आहे. आम्ही तिला यान्ना म्हणतो. वयाने ती माझ्याहून मोठी. दर हिवाळ्यात सायकलवर सामान लादून ती आमचा डोंगर ओलांडायची आणि पुढे दक्षिणेला वाळवंटात जायची. जाताना आणि येताना मुक्काम आमच्या तंबूत. पहिल्यांदा आली तेव्हा वाऱ्याने तिचे ओठ फुटले होते. मी लावायला लोणी दिले, ते तिने भाकरीबरोबर खाऊन टाकले. तेव्हापासूनची ओळख आहे.

गेल्या हिवाळ्यात वाळवंटातून परत येताना तिचा गुडघा सुजला व खिंड चढवेना. बाजाराला निघालेल्या ट्रकमध्ये तिच्यापुरती जागा होती, सायकलीला नव्हती. आमच्यात अशी रीत आहे की, मागे ठेवायची वस्तू मालकाने आपल्या हाताने दगडांखाली झाकायची आणि वर एक पांढरा दगड ठेवायचा. मग तिला कोणी हात लावत नाही, वैरी असला तरी नाही. परत येणाऱ्याचीच वस्तू अशी ठेवतात. यान्नाने सगळे दगड स्वतः रचले. मी एक उचलायला गेले तर म्हणाली, "तू बस गप. तुझा हात लागला तर चालत नाही ना?" ही रीत मीच तिला सांगितली होती. पुढचे चाक थोडे उघडे राहिले, कारण ती दमली होती.

ट्रकमध्ये चढताना ती म्हणाली, "वसंतात येते. या खेपेला तुला मागे बसवून वाळूपर्यंत नेते."

मी म्हटले, "मी बसले तर तुझी सायकलही बसेल." ती हसली.

ती वाळू आमच्या डोंगरावरून दुपारी पिवळी दिसते. आमच्या शेळ्या मात्र उत्तरेला जातात, म्हणून मी तिकडे कधी गेलेले नाही. जायचे मनात फार होते.

वसंतात ती आली नाही. आमची माणसे कुरणांकडे निघाली, मी निघाले नाही. नवरा म्हणाला, "तुदे, त्या सायकलीला काय चारा घालणार आहेस? ती काही व्यायची नाही." मी त्याला विचारले की, ती आली आणि तंबू जागेवर नसला तर पाणी कुणाकडे मागेल? तो तंबू आणि शेळ्या घेऊन गेला. मी दोन म्हाताऱ्या शेळ्या ठेवून खिंडीखालच्या एका गुहेत राहिले. ऊन फार होते. संध्याकाळी खिंडीकडे तोंड करून बसायचे. लांबवर धूळ उठली की चहाचे पाणी ठेवायचे. बहुतेक ट्रकच असायचा. मला तिची फार आठवण येत होती. जबाब लिहिणारे साहेब म्हणाले, हे जबाबात लागत नाही. मी म्हटले, लिहा.

विचारल्यावरून सांगते की, रस्त्याची मोजणी करणाऱ्यांनी तो लांबट ढीग व बाहेर आलेले चाक पाहून, परदेशी बाईला मारून पुरल्याची खबर दिली, हे मला पोलीस दगड काढायला आले तेव्हा कळले. पांढरा दगड वर असल्याने मी त्यांना अडवले. एका पोलिसाच्या हाताला मी चावले, हे खरे आहे. तो समुद्राकडचा आहे, त्याला आमची रीत ठाऊक नव्हती. खाली माणूस न निघता सायकल निघाली, तेव्हा माझ्यावर चोरीचा संशय घेतला. मी चोरी केलेली नाही.

आज साहेबांनी हॉलंडला फोन करून यान्नाच्या मुलाकडे चौकशी केली. फोन ठेवल्यावर त्यांनी मला आधी पाणी दिले. मग सांगितले की, ती बाई वसंताच्या आधीच तिच्या गावी दवाखान्यात वारली. मुलाचे म्हणणे असे की, आई शेवटपर्यंत तुदा तुदा करायची, तेव्हा सायकल तिलाच द्यावी. सायकल मला मिळाल्याच्या कागदावर साहेबांनी माझा अंगठा मागितला. मी दिला नाही.

मी म्हटले, "मालकीण यायची असताना मी कशी घेऊ?"

साहेब म्हणाले, "मावशी, आत्ताच सांगितलं ना तुम्हाला."

मी म्हटले, "ऐकलं मी."

सायकल पुन्हा खिंडीखाली नेऊन ठेवावी, एवढीच मागणी आहे. मी तिथेच आहे, लक्ष ठेवीन.

हा जबाब मला आमच्या बोलीत वाचून दाखवला. त्यात यान्ना वारली असे जे लिहिले आहे ते साहेबांचे सांगणे आहे, माझे नाही. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे, म्हणून त्या बाकीच्यापुरता अंगठा देते.