नववी ‘ब’च्या मागच्या भिंतीवरचा फळा

सन्माननीय अध्यक्ष, दामले बाईंचे कुटुंबीय, शिक्षकवर्ग आणि विद्यार्थी मित्रहो,

या सभागृहात मी अनेकदा बोललो आहे. प्रत्येक वेळी मुद्दे कागदावर असत. आजही कागद आणला आहे. तो वाचवत नाही.

काहींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. दामले बाई आपल्या कोथरूडच्या शाळेत नववी ‘ब’ला विज्ञान शिकवत. त्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर शिक्षकांनी लिहायचे नाही, हा बाईंचा नियम. मुलांनी प्रश्न लिहायचे. दुसऱ्या दिवशीचा तास त्यांतल्याच एका प्रश्नापासून सुरू व्हायचा. ‘दूध उतू जातं, पाणी का नाही?’ हा प्रश्न समीक्षाचा. बाक शेवटचे, गुण जेमतेम. पण त्या फळ्यापाशी रोज पहिली.

वर्गात गलका असे. शाळा समितीचा कार्यवाह म्हणून मला तो खटके. तसे म्हणालो, तेव्हा बाई म्हणाल्या, “अहो, शांत वर्ग पाहायचा असेल तर दिवाळीच्या सुट्टीत या.”

मी सुट्टीतच गेलो. आणि त्या फळ्यावर दहावीच्या गुणवंतांचा फ्लेक्स चिकटवून घेतला. मुलांना प्रेरणा मिळावी म्हणून. मित्रहो, हेतू वाईट नव्हता. हे वाक्य मी गेले चार दिवस स्वतःला ऐकवतो आहे.

सुट्टी संपली, बाई आल्या. “आमचा फळा परत द्या.” मी म्हणालो, “लेखी अर्ज द्या.” त्यांनी त्याच दिवशी दिला. मी शेरा लिहिला : पुढील बैठकीत विचारार्थ. तीन बैठका झाल्या. विचार झाला नाही.

फेब्रुवारीत मी वर्गात डोकावलो. नीरव शांतता. विचारले, “कुणाला काही शंका?” एकही हात वर नाही. समीक्षाला उभे केले. ती म्हणाली, “नाही सर. परीक्षेला जेवढं आहे, तेवढं उतरवून घेतलंय.”

मी तिला शाबासकी दिली. होय, शाबासकी दिली. बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवले.

मंगळवारी बाई गेल्या. बुधवारी मी फ्लेक्स काढायला लावला. त्याच्याबरोबर फळ्याचा काळा रंगही सोलून आला. खाली नुसता गिलावा. मी खडूने लिहून पाहिले. उमटत नाही.

नवा फळा बसवता येईल. त्यावर लिहिणारी मुले कुठून आणायची? काल समीक्षाला विचारले, “बाळ, तू तिथे काय लिहायचीस?” ती म्हणाली, “आता नाही आठवत, सर.”

मला आठवते. तिला आठवत नाही. याहून मोठे अपयश एका शाळेचे कोणते असू शकते?

बाई, आपला अर्ज माझ्याकडे अजून प्रलंबित आहे.

आता आपण सर्वांनी उभे राहून दोन मिनिटे शांत राहावे, ही विनंती. बाईंना शांतता आवडत नसे. पण आम्ही मुलांना नेमकी तेवढीच शिकवली आहे.