झांज नाई भाऊ, जॅझ

हॅलो? … हॅलो? … कोन, देवराव भाऊ? जयभीम भाऊ, जयभीम. … हो, अंजनाच बोलून राह्यली. थांब जरा, घरात रेंज नाई, अंगनात येते. … हं. आली अंगनात. बोल आता.

… हो, वडशातच आहे. … पाह्यलं ना नाटक. पुरं पाह्यलं. … नाई, झोपली नाई मी. तुह्या पोरीसाठी पोरगा पाहाले आली, झोपाले नाई आली.

… पाह्यला. … अरे सांगते ना, दम धर. तूच म्हनला होता, ‘अंजने, खोट काढाले तुह्यासारखी बाई नाई, जा आन त्या संघपालची खोट काढून आन.’ … मंग? आनली.

… हो, आहे खोट. … एक नाई, दोन आहेत. … घाबरू नको, बसून घे आधी. … बसला? … त्याचा डावा हात.

… नाई, लुळा नाई. … नाई गा, सहा बोटं नाई. पाचच आहेत, मोजले मी. … ऐक ना. तो डावा हात ऐकतच नाई कोनाचं. उजवा हात पाह्यशीन तं सारा चावट. नाचते, लपते, मधीच डोकावून जाते. आन डावा आपला घराकडे निघालेल्या बैलासारखा, एका चालीनं. स्टेजवर तलवार पडो का पडदा पडो, त्याची चाल मोडत नाई.

… म्हनजे का म्हनजे? म्हनजे ऑर्गन मस्त वाजवते.

… मस्करी नाई करून राह्यली. … बरं, थोडीशी करून राह्यली. … हासू नको तू. … नाई, तुले नाई भाऊ. इथी एक मांजर आहे, तिले म्हनलं.

… हो, माहीत आहे, चार वाजता इंजिनिअरवाले येनार. खानीतला पोरगा, क्वार्टर, गाडी, सप्पा माहीत आहे मले. … कोंबडा आनला? गावरान? … बरं केलं. … आन पोरगी कुठी आहे, नूतन? … आतून कडी? सकाळपासून? चहाबी नाई घेतला? … मंग तुले का वाटते गा भाऊ, ती आतमधी इंजिनिअरसाठी मेंदी लावून बसली का?

… अरे किती वेळा सांगू, मुंबईत पियानो वाजवते तो. जॅझ. … झांज नाई. जॅझ. … भजनातली झांज नाई गा भाऊ. झांज तं आपल्या गावचा दसरूबी वाजवते. जॅझ. डोक्यावर चांद आहे त्याच्या. … त्याच्या म्हनजे ‘ज’च्या, पोराच्या नाई. पोराचे केस चांगले दाट आहेत.

… ते कसं असते, मले तरी कुठी माहीत होतं? त्यालेच विचारलं मी सकाळी, पोहे खाता खाता. … अं? … हो. … त्याईच्याच घरी आहे. कलाबाईनं, त्याच्या मायनं, पोह्यावर असा रस्सा टाकला का…

… अरे गुपचूपच गेली होती. तोंडाले शाल गुंडाळून पार मागच्या सतरंजीवर बसली होती. पन नाटक संपलं तं पोरगा सरळ माह्याकडेच आला, पाया पडला. म्हने, ‘आत्या, चला घरी. काही खोट काढाची राह्यली असन तं तिथी काढा.’ … मले कसं ओळखलं म्हनजे? नूतननं फोटो दाखवून ठेवला होता. … माह्यावर नको ओरडू. पोरगी तुही आहे, माही नाई.

… हं, तं जॅझ. तो म्हने, गानं साऱ्याईले माहीत असते, पन कोन कुठून जाईन ते कोनालेच माहीत नसते. सारे एकमेकाकडे कान देऊन चालते. एकाचा पाय घसरला, तं दुसरा तिकडेच वाट काढते. … मीही तेच म्हनलं. म्हनलं, बाप्पा, हे तं आपल्या झाडीपट्टीच्या नाटकातलंच झालं. हीरो पुढची ओळ विसरते, राजा पावन्यात गप्पा मारत बसते, स्टेजवर येतच नाई, आन ऑर्गनवाला गाडा ओढते. … हो, तो हासला. म्हने, ‘तिथीच शिकलो, आत्या. आबाच्या पायपेटीखाली झोपत होतो मी.’ … त्याचा बाप. तीस साल नाटक कंपनीत ऑर्गन वाजवला त्यानं. आता नाई राह्यला. पायपेटी आहे.

… तं काल कंपनीचा ऑर्गनवाला तापानं पडला. हा सुटीवर घरी आलेला, म्हनून हा बसला. आन का का नाई वाजवलं त्यानं. लावनी आली तं अशी लावनी, का माह्या शेजारची म्हातारी खुशीनं मान हलवून राह्यली. खलनायक आला तं खालचा एकच सूर दाबून ठेवला. एकच. त्या म्हातारीनं माहा हात धरला. … आन विनोदी नट आला पोट पुढं काढून, तं यानं मधीच आपलं ते जॅझ घुसवलं. तिरपं तिरपं, चप्पल तुटलेल्या मानसासारखं. नटालेच समजेना, चालाव का नाचाव. … लोकं? लोकं लोळले हासून.

… अरे, पन ओळखीचं गानं वाजवते तं ऐकाव. सूर अर्धा सांगते आन अर्धा लपवते. मंग आपनच मनातल्या मनात पुरा करतो, आन आपल्यालेच वाटते, आपल्याले गाता येते. … हो, पिक्चरलेही देते संगीत. दोन मराठी, एक हिंदी. … नाई, त्यात नाचगानं नाई. मानूस चालते, दार उघडते, पोरगी खिडकीतून पाह्यते, त्याच्या मागून जे वाजते ना, ते. … हो, तेही काम असते. तुले काऊन रडू येते मंग टीव्हीपुढं?

… दुसरी खोट? बरं झालं आठवन केली. दुसरी तं लय मोठी आहे. तो वाजवत नाई.

… हो, वाजवनाराच आहे, पन वाजवत नाई. ऐक. मायच्या मरनाचा सीन आला. आपले ऑर्गनवाले अशा वेळी पेटी एवढी रडवते, का माय का बोलली ते ऐकूच येत नाई. यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. … काहीच नाई वाजवलं. … फुकटचा कसा? अरे, सारा मंडप गप. नुसते नाक ओढाचे आवाज. … मी विचारलं ना सकाळी, काऊन गा नाई वाजवलं? तं म्हने, ‘ती बोलत होती ना, आत्या.’

… बाई बोलत असताना गप बसनारा मानूस आपल्या घरान्यात पाह्यला का कोनी? … मी कोनाचं नाव नाई घेतलं. … वयनीले दे फोन, तिले विचारतो आपन. … बरं, नको देऊ.

… हं. … हं. … ऐकून राह्यली, भाऊ. … म्हन.

… ‘वाजवनारे लोक मानसाले अर्ध्यात सोडून जाते.’ … हो. … मले माहीत आहे तुले कोन आठवते ते. … मी होती ना तिथी. पुढच्याच सतरंजीवर. गावच्या नाटकात तू राजकुमार झाला होता, मायच्या लुगड्याचा फेटा बांधून. आन त्या पेटीवाल्यानं तुले न विचारता वरची पट्टी धरली, आन सुटला उधळल्यासारखा. तुहा आवाज फाटला, तं त्यानं मागं वळूनही नाई पाह्यलं. … हो. हासले लोकं. … ‘फाटका भोंगा’. माहीत आहे. अजूनही म्हनते. … मी? … नाई भाऊ, मी नाई हासली. मी रडली होती. तुले दिसलं नसन, तू खाली मान घालून उभा होता.

… त्या दिवसापासून घरात रेडिओबी मोठा नाई लावू दिला तू. समजते मले. तुले भेव आहे, तुहं झालं तसं नूतनचं होईन. हा तिले मधातच टाकून आपल्या चालीनं निघून जाईन. … बरोबर आहे तुहं. बापाले भेव वाटाचंच.

… मंग पारखून घे. … आता. … हो, फोनवर. तो इथीच पायपेटीवर बसला आहे. … नाई, घरातही चांगली रेंज आहे. … हो, मघा खोटं बोलली. अंगनात गेलीच नाई. … हो, स्पीकरवर आहे. … पयल्यापासून. … ते मांजर म्हनजे तोच. … भाऊ, शिव्या नको देऊ, कलाबाई ऐकून राह्यल्या.

… आता नाई येत म्हनून काऊन सांगतो? न्हानीत रोज म्हनतो ते. वयनी सांगते ना मले. … त्या नाटकातलं तेच गानं. ‘नको सोडू सजनी, अर्ध्या वाटेवरी.’ … लाजतो कशाले? इथी आपलेच लोक आहेत. … थांब, संघपाल का म्हनते ऐक. म्हनते, ‘काका, फोनवर आवाज उशिरा पोचते. तुम्ही तुमच्या चालीनं चला, मी मागून येतो.’

… म्हन. … एवढा खाकरू नको, कोंबडा पयाला असन तुहा. … हं. … हं. … वा.

… चाल, पुढं. ‘नको सोडू’… हं… आता ‘अर्ध्या’…

… फाटला. फाटू दे. … थांबू नको. … भाऊ, फोन नको ठेवू. ऐक, तो का करून राह्यला. … ऐकू आलं? तोही थांबला. तू जिथी फाटला ना, त्याच सुरावर बसला आहे. तोच सूर घोळवून घोळवून वाजवून राह्यला, जसं काही गान्याले तिथीच थांबाचं होतं. … नाई, मले हासू नाई येऊन राह्यलं. इथी कोनीच नाई हासत. … आता खाली आनून राह्यला तो. सावकाश. तुह्या पट्टीत आनून राह्यला. … तो वाट पाहून राह्यला, भाऊ. म्हन.

… … …

… झालं. पुरं झालं तुहं गानं.

… भाऊ? … हॅलो? … रडून राह्यला का? … सर्दी. बरं. सर्दी.

… अं? … तिखट? … विचारते. संघपाल, तिखट चालते का रे तुले? … चालते म्हनते. झाडीचा पोरगा आहे तो, त्याले काय विचारतो. … हो, दुपारच्या गाडीनं निघतो, रात्रीच्या जेवनापर्यंत पोचतो. … कलाबाईलेही आनते. … अरे पन तो कोंबडा तं इंजिनिअरवाल्याईसाठी… … तू फोन करतो त्याईले? आताच? का सांगशीन? … ‘पोरगी झांजवाल्याले दिली.’

… जॅझ, भाऊ. जॅझवाल्याले. … बरं, झांज तं झांज.

… तिकडे कशाचा आवाज झाला? … कडी? … निघाली बाहेर? … का म्हनते? … जरा जोरात म्हन म्हना तिले, कलाबाईले ऐकू नाई आलं. … वन्स मोर?

… तुलेच म्हनून राह्यली, भाऊ. अजून कोनाले. … घे संघपाल, पयल्यापासून. … थांब भाऊ, मी फोन ठेवते. … कापत नाई गा, पेटीवर ठेवते. … हं. म्हन आता.