फोन तर लागला होता

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एकाच ऑफिसातले दोघे बोलत होते.

“मॅडम, कॅशियरकाका कोसळल्यावर मी टेबलावरच्या फोनवरूनच रुग्णवाहिका बोलावली. मग ती आपल्या जुन्या ऑफिसात कशी गेली?”

“आपल्या नंबरवरून फोन गेला की रुग्णवाहिकावाल्यांच्या पडद्यावर अजून तिथलाच पत्ता येतो म्हणे.”

“पण नव्या जागेत फोनची चाचणी मीच घेतली होती! लागला, त्यांनी उचलला, मी ठेवला.”

“आमचा पत्ता काय दिसतोय, ते विचारलं नाहीस?”

“आपलाच पत्ता परक्याला विचारायचा? वेड्यात काढलं असतं मला!”

“बरं, काकूंना कळवलंस?”

“हो, फोन पटकन लागला. रडतच निघाल्या बिचाऱ्या.”

“कुठल्या दवाखान्यात यायचं, ते सांगितलंस ना?”

“त्यांनी विचारलंच नाही, मॅडम.”

“अरे, सांगितलंस ना?”

“थांबा, परत लावतो. वाजतोय, मॅडम… पण हा त्यांच्या घरचा फोन आहे.”