इद्रिस पिंजाऱ्याची राखीव जागा

...लावा पैज! ह्या गोष्टीचा शेवट वळखून दाखवा, वळखला तर मी मिशी काढतो! मला मिशी नाही म्हणता? मग तुमची काढतो!

तुम्हाला सांगतो, आपल्याला वाटतं नगरपालिका म्हणजे काय, नळाला पाणी नाही, गटार तुंबलेली, हिला कसली आलीय पावर... येडे आहोत आपण! कायद्यात लिवलंय म्हणे, कब्रस्तान भरलं की पालिका ते बंद करू शकते. बंद! तर आमचा इद्रिस पिंजारी, गाद्या-रजया भरणारा, त्याला वाटलं बाजार बंद असतो तसा बंद, संध्याकाळी उघडतील! मी म्हटलं, "नही रे बाबा, कायमनं! एक तारखेपासून सगळे हायवेपलीकडच्या नव्या मैदानात. पालिकेले पावर शे!"

झालं! तोंड पिंजलेल्या कापसागत पांढरं! का, तर त्याची बायको अख्तरबानो तिथं लिंबाखाली निजलेली, आणि तिच्या शेजारची जागा ह्यानं राखून ठेवलेली. राखून म्हणजे कशी? रोज दुपारी जेवला की जाऊन तिथं आडवा! खणणारा कुदळ घेऊन आला की हा उठून बसणार, "ओ भाऊ, आठे माणूस शे!" म्हणजे इथं माणूस आहे! खणणारा कुदळ टाकून गावात!

गेला मुख्याधिकाऱ्याकडं. "साहेब, मन्ही जागा लिखी द्या." साहेब शाळेतल्यासारखं बोलणारा, "आजोबा, जिवंत व्यक्तीला कबर देण्याची तरतूद नाही." "मंग मरी गयावर भेटी का?" "एक तारखेनंतर विशेष परवानगी लागेल. अर्ज करा. अर्जदाराची स्वतःची सही हवी."

आता घ्या! मेलेल्यानं सही कुठून आणायची? पण विचारायचं कोणाला... पालिकेले पावर शे!

मग राहिलं काय? एक तारखेच्या आत मरायचं! आणि तुम्हाला सांगतो, हा मरणाची वाट बघत बसला तर ह्याची तब्येत सुधारली हो! खोकला गेला, भूक वाढली, गालावर लाली! मी रोज सकाळी रस्त्यातून ओरडायचो, "इद्रिसभाय, मरना नही का आजून?" तो आतून, "कोशिश करी ऱ्हायनू भो!" गल्ली हसायची... तोही हसायचा, पण डोळे नाही हसायचे त्याचे.

महिनाअखेरीला काय झालं, त्याच्या गल्लीतल्या कहकशाँची तान्ही लेक तमन्ना गेली. पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं पोरीनं. ताप आला आणि... जाऊ द्या. जुन्या कब्रस्तानात लेकरापुरता कोपरा उरला नव्हता. माणसं म्हणाली, नव्या मैदानात नेऊ. तर कहकशाँ उंबऱ्यात आडवी उभी. "वहाँ तो अभी कोई नहीं है... मेरी बच्ची अकेली कैसे सोएगी?"

काय सांगणार तिला? पालिकेले पावर शे, असं सांगणार?

इद्रिस पुढं चालायला लागला, सगळे मागं. लिंबाखाली आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला, म्हणाला, "आठे खंदा. बाजूले मन्ही बायको शे, ती संभाळी लेई."

माझं हे तोंड बघताय ना? झोपेतसुद्धा बंद नसतं. त्या दिवशी बंद झालं.

एक तारखेला कब्रस्तानाच्या फाटकाला कुलूप. मी सवयीनं हाक मारली, "मरना नही का आजून?" तर म्हणतो, "आते काय घाई शे?"

आणि जे मरण बोलावून बोलावून येत नव्हतं, ते त्याच आठवड्यात आलं बघा, न बोलावता! नेला आम्ही हायवेपलीकडं. पहिलाच तो! चहूकडं नुसती पांढरी माती, झाड नाही, माणूस नाही. साडेतीन हात मागत होता बिचारा, आख्खं मैदान भेटलं... आणि पालिकेबद्दल खोटं कशाला बोलू, तिनं त्याच्याकडून एक पैसा घेतला नाही.

शेजार तेवढा घेतला.