उंबरडोहाची खालची वाट

ऐका. जरा जवळ सरका, आणि ती बॅटरी आधी बंद करा, डोळ्यांवर येते. उद्यापासून तुम्ही नदी मंडळाच्या राखणीला बसणार ना? मग हे ऐकूनच घरी जा. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

धनावडे ड्रायव्हर तुम्हाला माहीत आहेत. नदीत कुणी पिशवी टाकली की काठावरून ओरडतात, तेच ते. उभा जन्म एस्टी चालवली. रिटायर होऊन गावी आले आणि वर्ष सरायच्या आत बायको गेली. मुलगा नाशकात. घर मोठं, आणि घरात आवाज म्हणाल तर टीव्हीचा. बातम्या देणाऱ्या बाईला उलट उत्तरं द्यायचे हो! तर असा माणूस मंडळात आला. मासे वाचवायला आला असं मी म्हणणार नाही. चार माणसं भेटतील म्हणून आला.

आपल्या मंडळाचा नेम तुम्हाला ठाऊक आहेच. एरवी गळ टाकून खुशाल बसा, पण भादव्यात नाही. भादव्यात खडस मासे अंडी घालायला उंबरडोहात चढतात. हाताएवढाले मासे! आणि तेव्हाच चोर येतात. पाण्यात ब्लीचिंग पावडर ओततात, सगळा डोह पांढरा करून टाकतात. म्हणून राखण. आणि राखण जोडीनं.

ड्रायव्हरच्या जोडीला इंदूताई साळवी. तोंडाची फटकळ, पण राखण कधी चुकवायची नाही. एके दिवशी नेमका तिला ताप भरला. तिनं फोन करून सांगितलं, "ड्रायव्हर, आज राहू द्या. एकटे जाऊ नका."

ते म्हणाले, "घरी तरी काय, एकटाच आहे." आणि जेवण झाल्यावर निघाले.

अंधार असा, की स्वतःचा हात दिसेना. पाऊस नव्हता. ड्रायव्हर वरच्या वाटेनं गेले, मचाणावर बसले. बराच वेळ काही नाही. बेडूक ओरडतायत, पाणी वाहतंय. आणि मग... झप्प!

जाळं पडल्याचा आवाज हो! फेकून मारलेलं जाळं कसं पडतं, तसा. त्यांनी बॅटरी मारली. पाणी संथ. एक तरंग नाही.

बॅटरी विझवली. पुन्हा झप्प!

आता खाली, पाण्याला लागून जी वाट जाते ना, त्या वाटेवर उजेड हलला. चोर! ड्रायव्हर उठले, काठी घेतली, आणि खालच्या वाटेनं निघाले. मंडळाच्या माणसांना फोन करावा, हे डोक्यातच आलं नाही. उजेड पुढं, हे मागं. हे थांबले की तो थांबतो. हे चालले की तो चालतो.

वाटेच्या टोकाला खडकावर एक माणूस पाठमोरा बसलेला. खांद्यावर जाळं, पाय पाण्यात.

"कोण रे?" ड्रायव्हर ओरडले.

तो वळला नाही. शांतपणे म्हणाला, "आलात? जेवलात का?"

आता बघा हं. चोर पळतो नाहीतर अंगावर येतो. हा विचारतो, जेवलात का! आणि ड्रायव्हरनी उगारलेली काठी खाली घेतली. कारण त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं, बायको गेल्यापासून.

"जेवलो. पिठलंभात."

"स्वतःच केलंत?"

"दुसरं कोण करणार?"

"या, बसा. घाई काय आहे?"

बसले की हो! तो विचारत गेला, हे सांगत गेले. घाटातली गाडी, बायकोचं आजारपण, मुलाचा न येणारा फोन. तो मधे बोलायचा नाही. नुसता "हं, मग?" म्हणायचा. ड्रायव्हरना वाटलं, रात्र सरूच नये. एवढंच की तो माणूस दर वेळी हातभर पुढं बसलेला दिसायचा. आवाज नीट यावा म्हणून हे जरा पुढं सरकायचे. पुन्हा जरा पुढं.

हातातली बॅटरी सहज खाली झुकली. उजेड पाण्यात गेला. खडस मासे चालले होते, एकामागून एक. आणि ते त्या माणसाच्या नडगीतून आरपार जात होते! पाय मधे असून नसल्यासारखे!

तेव्हा कळलं. आपण खडकावर बसलेलोच नाही. आपण डोहात उभे आहोत. छातीइतकं पाणी!

गिऱ्हा तो! पाण्यातलं भूत! जुनी माणसं नाव सांगायची, रावजी. एकटाच राहायचा, एकटाच मासे धरायचा. रात्री पाय घसरून बुडाला. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून शोधायलाही कुणी गेलं नाही.

ड्रायव्हर मागं फिरले तसा मनगटाला गार हात पडला. "कुठं निघालात? घरी आहे कोण?"

आणि खरं सांगतो, त्यांचे पाय थांबले.

तेवढ्यात काठावरून हाक आली. "ड्रायव्हर!" इंदूताईचा आवाज.

लगेच डोहाच्या मधूनही हाक आली. "ड्रायव्हर, इकडं या ना. मी इथंच आहे." तोही इंदूताईचाच! पण साखरेत घोळलेला.

काठावरची कडाडली, "अहो, अक्कल गहाण टाकलीत का? अंगात ताप असताना मला धावायला लावता! बाहेर या आधी, मूर्ख कुठले!"

डोहातली म्हणाली, "या ना, दमला असाल."

ड्रायव्हरनी कान कुठं दिला असेल? शिव्यांकडं! ओरडत वळले, हात हिसडला, नाकातोंडात पाणी गेलं. इंदूताई कमरेइतक्या पाण्यात शिरली, बांबू पुढं केला, आणि ओढलं. असं ओढलं, की दोघंही चिखलात आडवे! मागं डोहात काहीतरी झप्प झालं, आणि सगळं गप्प.

मनगटावर पाच बोटं उठली होती, निळीकाळी. दोघांनाही आठवडाभर ताप. इंदूताईला विचारलं, तू आलीस कशी? म्हणाली, "फोन उचलेनात. मग झोप कशी लागणार?"

ड्रायव्हर अजून राखणीला जातात, पण वरच्या वाटेनं आणि इंदूताईबरोबर. रात्रभर भांडतात दोघं. एकदा मला हळूच म्हणाले, "भीती गेली हो. पण वाईट वाटतं. तो अजून तिथं एकटाच बसला असेल."

म्हणून सांगतो, पोरांनो. खालच्या वाटेनं जाऊ नका. चोर दिसला तरी नको, उजेड दिसला तरी नको. आणि कुणी मायेनं विचारलं आणि तुम्हाला त्याची कीव आली, तर मुळीच नको.